आधी घोडीचा तोबरा

अमोलची वरात मंगल कार्यालयाच्या दारात आली. लग्न पोराचं, पण माझा डोळा आमच्या ह्यांच्यावर. वैशाखाचं ऊन, घोडीच्या तोंडाला फेस. म्हटलं, बाई गं, आता हे काहीतरी करून बसणार!

आमचे हे म्हणजे जयराम, पलटणीत होते. खेचरवाले. कारगिलच्या लढाईत राणी नावाच्या खेचरावर दारूगोळा लादून डोंगर चढायचे. रिटायर होऊन सातपूरच्या एका कारखान्यात वॉचमन झाले, पण पलटणीचा एक नियम काही सुटला नाही. आधी जनावराच्या तोंडाला दाण्याची पिशवी, म्हणजे तोबरा बांधायचा, मगच आपण जेवायचं. आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा ह्यांच्या आधी जेवतं! मी कितीदा तडकले, "अहो, लढाई संपून जमाना झाला!" पण ऐकतंय कोण?

लग्न लागलं. व्याह्यांची पंगत बसली. आमच्यात नवरदेवाच्या बापानं पहिला घास घेतल्याशिवाय मुलीकडचं कुणी ताटाला हात लावत नाही. ताटं वाढली, आणि ह्यांचा पाट रिकामा!

मी पदर खोचून मागच्या अंगणात धावले. हे घोडीचा लगाम धरून उभे. घोडीवाला आधीच्या पंगतीत जेवून ढेकर देत ओरडत होता, "मामा, द्वारका चौकात दुसरी वरात हाय, सोडा की!"

"अहो, व्याही काय म्हणतील?" मी कळवळून म्हटलं.

"हिच्या पोटात काय नाय," एवढंच बोलले.

तेवढ्यात व्याहीच आले. धोंडीराम, घोटीचे तांदळाचे व्यापारी, भारी तापट. "फौजी, आमच्या अन्नात खोट हाय का? सगळी मंडळी ताटावर खोळंबली!"

त्यांच्या लेकीनं, आमच्या सूनबाई तेजस्विनीनं अजून आमचा उंबरठा ओलांडला नव्हता, आणि हा माणूस घोडीपायी नवी सोयरीक मोडतोय!

हे व्याह्यांकडे न बघताच बोलले, "कारगिलला त्या दिवशी डोंगरावर गरम पुऱ्या आल्या. लय भूक लागली होती. म्हटलं, आज आधी आपण खाऊ, मग राणीला, माझ्या खेचराला, तोबरा बांधू. घास तोंडात होता, तेवढ्यात गोळा पडला. सगळं वझं तिनं वर आणलं, व्याही. आणि उपाशी गेली."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे मला कधी सांगितलं नव्हतं. मला राग आला आणि रडूही आलं.

धोंडीरामांनी घोडीकडे पाहिलं. मग आचाऱ्याकडून भिजवलेले हरभरे मागवले. मानपानात आम्ही दिलेला कोरा टॉवेल खांद्यावरून काढला, त्याची झोळी केली आणि हरभरे भरून स्वतः घोडीच्या तोंडापुढं धरली. मी पाण्याची बादली आणली.

घोडी खाऊ लागली. हे तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, "खा राणी, पोटभर खा. आज कुणाला घाई नाय."

घोडीचं नाव चांदणी होतं. घोडीवाल्यानं ते सांगायला तोंड उघडलं, तर धोंडीरामांनी त्याला डोळ्यांनीच दटावलं.

झोळी रिकामी झाली, तेव्हा ह्यांनी हात धुतले. "चला व्याही," म्हणाले, "आता घास घेऊ."