माहेरची निवडणूक

सिंगापुरातल्या आंग मो किओच्या आमच्या ब्लॉकमध्ये अमेरिकेच्या निवडणुकीत मत द्यायचा अधिकार एकालाही नव्हता. तरीही ती निवडणूक आम्ही दोघी अगदी पदर खोचून लढलो. एक मी, चौथ्या मजल्यावरची, आणि दुसरी माझी मैत्रीण, नवव्या मजल्यावरची. दोघी पुण्याच्या, दोघी एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर. माझा नवरा जहाजावर इंजिनीअर, म्हणजे वर्षातले सहा महिने पाण्यावर. त्यामुळे माझा राग, लोभ, बडबड, सगळं तिच्याच वाट्याला यायचं.

भांडणाचं कारण साधं होतं. तिचा भाऊ अमेरिकेत, माझाही अमेरिकेत, एकाच राज्यात, गाडीनं तासाभराच्या अंतरावर. एकमेकांना ओळखत मात्र नव्हते. तिचा भाऊ वीस वर्षांपूर्वी गेलेला, तिथला नागरिक झालेला, आणि एका उमेदवाराच्या सभांना लग्नाला जावं तसा नटूनथटून जाणारा. माझा धाकटा भाऊ नुकता नोकरीला लागलेला, व्हिसावर. त्याला मत नाही, पण त्या उमेदवाराचं नुसतं नाव काढलं की अंगाचा तिळपापड. मग काय, माझ्या भावाची बाजू ती माझी आणि तिच्या भावाची ती तिची. माहेरच्या माणसाला कोणी बोललेलं कुठल्या बाईला खपतं? तिकडची धोरणं, तिकडचे कर, यातलं आम्हाला ओ का ठो कळत नव्हतं. आम्ही माहेरासाठी भांडत होतो.

सकाळी ऑफिसला जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, आम्ही शेजारी उभ्या राहायचो. आपली सकाळ म्हणजे तिकडची संध्याकाळ, सभांची वेळ. ती तिच्या फोनवर तिच्या भावानं पाठवलेलं बघायची, मी माझ्या. भाषणात कोणीतरी कोणालातरी देशाबाहेर हाकलायला सांगत असायचं, गर्दी ओरडत असायची, आणि मध्येच कुठेतरी गुद्दागुद्दी सुरू व्हायची. कोणाचा शर्ट फाटलेला, कोणाला चौघांनी उचलून बाहेर नेलेलं. मग आम्ही एकमेकींना फोन दाखवायचो, बघ तुमची माणसं, बघ तुमची माणसं. आजूबाजूचे प्रवासी शांतपणे झोपलेले असायचे. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. ती एकदा वैतागून म्हणाली, "मम्मा, यू कॅनॉट इव्हन वोट लाह." तिला मी गप्प बसवलं.

इथपर्यंत गंमत होती. पण माझी जीभ मला आवरत नाही, आणि तिनंच घात केला. भाऊ रोज फोनवर तावातावानं बोलायचा. एकदा मी त्याला म्हटलं, घरात बसून मला काय ऐकवतोस, हिंमत असेल तर तिथे जाऊन बोल की. त्यानं ते मनावर घेतलं. शनिवारी त्यांच्या जवळच्या गावात त्या उमेदवाराची सभा होती. मित्रांबरोबर बाहेर फलक घेऊन उभा राहणार म्हणाला. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

त्याच शनिवारी दुपारी आमच्या चकल्या होत्या. दरवर्षी त्या माझ्या स्वयंपाकघरात व्हायच्या. भाजणी तिची, तिच्या आईनं पुण्याहून पाठवलेली. सोऱ्या माझा. ती पाडणार, मी तळणार. चकली ही एकटीनं करायची गोष्टच नव्हे, हात पिठात असताना तेलाकडे कोण बघणार? पहिला घाणा सुरेख उतरला. दुसऱ्या घाण्याला ती सहज म्हणाली, की तिचा भाऊही आज त्याच सभेला जातोय, आणि ही फलकवाली पोरं उगाच मुद्दाम कुरापत काढायला येतात. झालं. माझं डोकं फिरलं. मी झारा हातात धरून तिला म्हणाले, "तुझ्या भावाला माणूस म्हणायचीसुद्धा मला लाज वाटते."

तिनं हात धुतले, उरलेल्या भाजणीचा डबा उचलला आणि लिफ्टकडे गेली. मळलेलं पीठ तेवढं माझ्याकडे राहिलं. मी हट्टानं एकटीच करायला बसले. सोऱ्या फिरवीपर्यंत तेल धुरकटायचं, तेल बघेपर्यंत पाडलेली चकली ताटलीला चिकटायची. मुलीनं एक खाऊन बघितली आणि उरलेली परत ठेवली.

रविवारी सकाळी मी डोसे घालत होते तेव्हा भावाच्या मित्राचा मेसेज आला. सभा सुटल्यावर रस्त्यावर मारामारी झाली, बाटल्या फेकल्या गेल्या, पळापळीत सगळे पांगले, आणि भाऊ सापडत नाही. फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद. नवरा भर समुद्रात. आईला पुण्यात सांगायची सोय नाही. आणि त्याला तिथे कोणी पाठवलं होतं? मी.  त्या भागात माझ्या ओळखीचं माणूस एकच होतं, आणि त्याला माणूस म्हणायची मला आदल्याच दिवशी लाज वाटली होती.

गॅस बंद केला आणि नवव्या मजल्यावर गेले. तिनं दार उघडलं, माझं तोंड बघितलं. मी कसंबसं सांगितलं. वाटलं होतं, निदान एक वाक्य तरी ऐकवेल. तिचा तेवढा हक्कच होता म्हणा ना. तिनं माझं पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही, आत जाऊन भावाला फोन लावला. तो सभेहून परतून नुकता घरात शिरला होता. बहिणीनं सांगितलं, माझ्या मैत्रिणीचा भाऊ हरवलाय, फोटो पाठवते, परत जा. त्यानं कोण, कुठल्या बाजूचा, काही विचारलं नाही. किल्ल्या उचलल्याचा आवाज मी फोनमधून ऐकला.

त्यानंतरचे दोन तास मी तिच्या सोफ्यावर बसून काढले. तिनं चहा केला, मी प्यायले नाही. ती गवार निवडायला बसली आणि मुकाट्यानं अर्धा ढीग माझ्यापुढे सरकवली. शेवटी फोन आला. इस्पितळात सापडला, कपाळावर तीन टाके, फोनचा चक्काचूर, बाकी ठणठणीत. मी अशी रडले की तिच्या नवऱ्यानं घाबरून पंखा वाढवला.

"मी काल जे बोलले ते..." मी सुरुवात केली.

"ते राहू दे. चकल्या कशा झाल्या?"

"भिकार."

"छान," ती म्हणाली, आणि मग कुठे हसली.

तिच्या भावानं माझ्या भावाला आपल्या घरी नेलं, वरणभात खायला घातला आणि आठवडाभर ठेवूनच घेतलं. वाटेत गाडीतच दोघांची जुंपली होती म्हणे. बाटली नक्की कोणत्या बाजूनं आली हे आजवर कोणाला कळलेलं नाही. तेवढ्यानं त्यांचं काही अडलं नाही, दोघांनीही ती समोरच्याच्या बाजूनं आल्याचं पुराव्यानिशी सिद्ध केलं.

पण माझा घोर संपला नव्हता. मतदानाच्या आधी तिथे आणखी एक सभा होती, आणि भाऊ म्हणत होता, आता तर जाणारच. मी रागावले, रडले, आईची शपथ घातली. तो म्हणाला, तूच तर हिंमत काढली होतीस.  तिचा भाऊही जाणार होता, अर्थातच, दरवाज्याच्या आतल्या बाजूला. माझी झोप उडाली.

भाऊबीज मंगळवारी आली. ऑफिसला जायच्या आधी आम्ही दोघींनी तिच्या जेवणाच्या टेबलावर फोन उभा केला. तिकडे अजून पाडव्याचीच संध्याकाळ होती. दोघे भाऊ एका सोफ्यावर बसले होते, माझ्या भावाच्या कपाळावर भली मोठी पट्टी. त्यात त्यांच्याकडे त्या दिवशी पोरं भुतांचे वेष करून दारोदार खाऊ मागत फिरतात. मी निरांजन ओवाळायला घेतलं की तिकडे बेल वाजायची, आणि तिचा भाऊ डोक्यावरची प्रचाराची टोपी सावरत चॉकलेटं वाटायला पळायचा. हसून हसून माझं निरांजन दोनदा विझलं.

आधी मी माझ्या भावाला ओवाळलं. टिळा पट्टीवरच लावल्यासारखं केलं. मग मैत्रिणीनं तिच्या भावाला ओवाळलं, आणि ताट खाली ठेवणार तेवढ्यात मी ते तिच्या हातून घेतलं आणि त्याला मीही ओवाळलं. तो जरा बावरला, पण टोपी काढून नीट बसला.

"ताई, आता ओवाळणी द्यायला हवी," तो म्हणाला. "काय पाठवू?"

"पाठवू नका काही. रविवारच्या सभेला हा जाणार आहे. त्याला थांबवा."

"माझं ऐकतोय होय हा? म्हणेल, तुम्ही जाता आणि मला अडवता."

"म्हणजे तुम्हीही जाऊ नका."

 मैत्रीण माझ्याकडे बघायला लागली. वर्षभर तो माणूस त्या उमेदवाराच्या एकूण एक सभेला गेला होता, ही तर शेवटची. आणि मागत कोण होतं, तर ज्या बाईनं त्याला नाही नाही ते बोलून घेतलं होतं ती. बहिणीनं ते त्याला सांगितलं असणार, नाहीतर तो एवढा वेळ माझ्याकडे असा बघत राहिला नसता.

"मागितलीत ती चांगली महागाची मागितलीत," तो म्हणाला. मग माझ्या भावाच्या पाठीवर थाप मारून त्याला म्हणाला, "रविवारी घरीच रे. दोघंही."

त्याच्या उमेदवाराचं पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. मत त्यानं त्यालाच दिलं, त्याबद्दल आम्ही अजूनही कडाकडा भांडतो. पण सभेच्या संध्याकाळी, म्हणजे आमच्या सोमवारी सकाळी, मी एमआरटीतून भावाला फोन लावला तेव्हा तो मैत्रिणीच्या भावानंच उचलला. मी काही विचारायच्या आत त्यानं फोन सोफ्याकडे वळवला. माझा भाऊ तोंड उघडं टाकून झोपला होता.