बातमीबाईंचा फळा

बातमीबाई कडाक्याच्या थंडीतही स्वतः शाल पांघरत नसत. ती रोज शाळा सुटताना फळ्याला गुंडाळत. माळव्यातल्या धारच्या आमच्या छोट्या, हिंदी प्राथमिक शाळेत मराठीचा एकच वर्ग होता आणि डिसेंबर-जानेवारीत तो अंगणात, उन्हात भरे. दवाने ओलावलेल्या फळ्यावर खडू उमटत नाही, म्हणून त्याचे हे लाड.

सकाळी पहिलं काम बातम्यांचं. प्रत्येकाने घरची एक बातमी मराठीत सांगायची, आणि बाईंना आवडलेली फळ्यावर जायची. "आमच्याकडे गराडूचे कंद तळले." "बाबा नालछ्याहून हरभऱ्याचे डहाळे घेऊन आले." लिहिण्याआधी बाई विचारत, "खरी आहे ना?" एकदा मी आमच्या गायीला जुळं झाल्याचं ठोकून दिलं. आमच्याकडे गायच नव्हती. बाईंनी आठवडाभर रोज वासरांची खुशाली विचारून माझा जीव नकोसा केला.

घरी मराठी आणि गल्लीत माळवी बोलणारी आम्ही मुलं मध्येच अडायचो. बाई रागवत नसत, पण शब्दही पुरवत नसत. हात मागे बांधून म्हणत, "थांबते मी." त्या थांबण्याचा मला छडीहून जास्त धाक वाटे.

त्या हिवाळ्यात इन्स्पेक्टर साहेब येणार होते. पंधरापेक्षा कमी मुलं दिसली तर वर्ग बंद, हे आम्हालाही ठाऊक होतं. नेमका आदल्या दिवशी मावठा बरसला आणि निम्मी मुलं खोकत घरी बसली. हेडमास्तरांनी हिंदीच्या वर्गातली सहा मुलं आणून आमच्यात बसवली. "बाई, आजच्यापुरतं गप्प राहा. पाया पडतो तुमच्या." बाईंनी त्या सहा जणांना उन्हातली जागा दिली, मूठमूठ शेंगदाणे दिले आणि फळ्यावर लिहिलं, "हजर ११. पाहुणे ६." हेडमास्तरांनी कोटाच्या बाहीने पाहुणे पुसले आणि ११ चे १७ केले. तोवर जीप दारात येऊन थांबली होती.

साहेबांनी फळा वाचला, मुलं मोजली आणि पुढेच बसलेल्या मला विचारलं, "बेटी, ये सब बच्चे रोज़ आते हैं?" त्यांच्या मागे हेडमास्तर डोळे वटारून उभे. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही की डोळ्यांनी काही सुचवलं नाही. हात मागे बांधले आणि म्हणाल्या, "थांबते मी."

मला त्यांचा भयंकर राग आला. नऊ वर्षांच्या पोरीवर अख्खा वर्ग टाकून उभ्या राहिल्या! तो राग आजही कधी कधी येतो. पण तोंडातून निघालं ते खरंच निघालं. "छह तो आज ही आए हैं, साब."

पंधरा दिवसांत वर्ग बंद करण्याचा हुकूम आला. मी तापाचं सोंग घेऊन दोन दिवस घरी राहिले. तिसऱ्या दिवशी, वर्गाच्या शेवटच्या दिवशी, आईने ढकललंच. बाईंनी माझ्या हातात खडू दिला. "आजची बातमी तू लिही." मी लिहिलं, "उद्यापासून आपला वर्ग" आणि अडले. बाई थांबल्या. बऱ्याच वेळाने मी "नाही" लिहिलं. खरी आहे ना, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. फळ्याची शाल उचलून माझ्या खांद्यावर टाकली.

शिपाई फळा न्यायला आला. बाई त्याला आडव्या आल्या. "भिया, जरा ठहरो. बच्चों का पढ़ना बाकी है."

वाचून तर आमचं केव्हाच झालं होतं.