आठव्या संध्याकाळचं तेल

हनुक्का, ज्यूंचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण, आला की जेरुसलेमचा बाजार नुसता जॅमचे डोनट खात सुटतो. आणि ते तळतं कोण? तिर्झा. पहाटे चारपासून कढईपुढं. साठी आली बाईची, तरी शनिवार सोडला तर आठ दिवसांत एक खाडा नाही. संध्याकाळी पाय असे सुजायचे की बूट निघता निघायचे नाहीत.

या सणातनं तिला एकच पाहिजे असायचं. दिवे जळतात तोवर बाईनं कामाला हात लावायचा नाही, ही रीत. शनिवारी सुट्टी असते, पण तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं. खरं बसणं ते एवढंच.

म्हणून सुरुवातीच्या दिवसांत तिनं दिव्यांच्या वाट्या तेलानं काठोकाठ भरल्या. तास-दीड तास बसायला मिळालं. पण पहिल्या दिवशी दिवा एक, मग रोज एक वाढत जातो.

"शेवटच्या दिवशी काय ओतशील, आसवं?" सासू, खातून, तेव्हाच बोलली होती. नव्वदीची म्हातारी, कुर्दिस्तानातनं आलेली, दात गेले पण जीभ जागेवर.

तसंच झालं. आठव्या दिवशी ऑलिव्हचं तेल बाटलीच्या तळाला. तिर्झानं आठ वाट्यांत थोडं थोडं वाटलं, दिवे लावले, मंत्र म्हटले. स्तोत्र निम्मं जांभईतच गेलं.

"अर्धा तास तरी टिकतील का गं?"

"टिकतील, आत्या."

"बघ बाई. भांडी पडलीत. माझे कपडेही भिजत घातलेत."

"माहितीये हो!"

ती खुर्चीत पडली. एक दिवा फडफडला, गेला. मग दुसरा. आता सगळे गेले की उठायचं, या विचारानं तिचे डोळे भरून आले, आणि तसेच मिटले.

वॉकरच्या खडखडाटानं जाग आली. खिडकीत आठही दिवे जळत होते. खातून शेवटच्या वाटीवर वाकलेली, हातात तिची गुडघ्याला चोळायची तेलाची बाटली. पार रिकामी.

"आत्या! आता रात्री गुडघ्यांना काय लावाल?"

"शिव्या देईन त्यांना. मंत्र नाही म्हटला हं मी. देवाचे दिवे मघाशीच झाले."

"आणि तुम्ही काम केलंत ते?"

"मी म्हातारी. देव माझ्या नादी लागत नाही." खातून धापा टाकत पलंगावर टेकली. "दिवे जळतायत. उठलीस तर बघ."

तिर्झानं पाय स्टुलावर टाकले. कपडे भिजत राहिले.