साडूंच्या ॲम्पचं सुतक

आमच्या साडूंइतका एका यंत्रावर जीव लावणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि असलाच तर त्याच्या बायकोनं त्याला लपवून ठेवला असला पाहिजे. साडू धाड गावात राहतात, शाळेत चित्रकला शिकवतात आणि लग्नात, हळदीत, जयंतीच्या कार्यक्रमांत गिटार वाजवतात. पण गिटार दुय्यम. खरा जीव ॲम्पवर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या त्या काळ्या, जडशीळ, विलायती खोक्यावर. तरुणपणी नागपूरच्या कुण्या वादकाकडून त्यांनी तो जुनाच विकत आणला. कंपनीचं नाव घेताना ते अजून कानाच्या पाळीला हात लावतात, गवयी गुरूचं नाव घेताना लावतात तसा. एकदा लोणारला कार्यक्रमाला जाताना एसटीत त्यांनी ॲम्पला खिडकीची जागा दिली आणि स्वतः उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, हे खाली ठेवा ना, मानसं उभी हायेत." साडू म्हणाले, "मी बी उभाच हाओ ना बे! याचं फुल तिकीट फाड." आणि खरंच फाडायला लावलं. घरी ॲम्पला जुन्या पैठणीचं कव्हर. वाजवण्याआधी तो तापू द्यायचा. आतल्या काचेच्या नळ्या लाल होईपर्यंत घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही. "पोरगी झाली तवा बी हा मानूस इतका चूप नव्हता," असं आमच्या मोठ्या मेहुणीबाई, म्हणजे साडूंची बायको, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

तर गेल्या वर्षी मोबाइलवर बातमी आली की ती कंपनी विकली गेली, मालक बदलला. सख्ख्या चुलत्याच्या मरणातही सुतक-बितक न मानणारा हा कट्टर सुधारक माणूस, पण त्यानं कंपनीचं सुतक धरलं! गिटार खुंटीला, ॲम्पचं बटण बंद, दाढी वाढलेली. आणि इकडे पल्लवीचं, त्यांच्या एकुलत्या एका पोरीचं, लग्न तोंडावर आलेलं. हळदीला बाबांनीच वाजवायचं, हा तिचा लहानपणापासूनचा हट्ट.

बाजाराच्या दिवशी टपरीवर पंचक्रोशीतल्या वादकांची सभा भरली. साडूंचा सोडून दुसरा विलायती ॲम्प यातल्या एकानंही पाहिलेला नव्हता, म्हणून मतं फार ठाम होती. ढोलकीवाला म्हणाला, "एसटीचे मंत्री किती बदलले, गाडी खडखडतेच ना?" कीबोर्डवाल्याची खात्री होती की आता ॲम्प पुठ्ठ्याचे निघणार. बेस गिटारवाला मात्र खुशीत होता. "नवा मालक भाव उतरवीन, मंग मी बी घेईन!" साडूंचा चहा तसाच निवला. "बातमी आली त्या दिवशी लावून पाह्यला," ते म्हणाले, "आवाज बदलला."

मी म्हटलं, "अहो, तुमचा ॲम्प केव्हाचा! मालक बदलल्याचं त्याला कोण सांगणार?"

"घर बदललं का सगळ्याले कळते, साडूभाऊ," एवढं बोलून ते उठले.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात सगळे साडूंच्या तोंडाकडे बघत होते. ते खांबाला टेकून बसलेले. शेवटी पल्लवीच उठली, हळदीच्या हातांनी तिनं पैठणीचं कव्हर ओढून काढलं आणि ॲम्पचं बटण दाबलं. "बाबा, मी उद्या संग्रामपूरले सासरी जाऊन राह्यली," ती म्हणाली. "मंग माहा बी आवाज बदलीन का?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कंपनीचं नुसतं निमित्त होतं, माणूस पोरीसाठी तुटत होता.

ते उठले. नळ्या लाल व्हायची वाट न बघता पहिल्यांदाच त्यांनी जेमतेम कोमट ॲम्पवर गिटार छेडली, आणि मग जो धुडगूस झाला तो काय सांगू! मांडवातल्या पराती थरथरल्या, आचाऱ्यानं भाजीत दोनदा मीठ घातलं, ढोलकीवाल्याची चप्पल नाचता नाचता हळदीच्या ताटात पडली, आणि मेहुणीबाई, ज्या माझ्या लग्नातही जागच्या हलल्या नव्हत्या, त्या विहीणबाईंना ओढून नाचल्या. बेसवाला तर ॲम्पच्या पाया पडला. साडू वाजवत होते आणि डोळे बाहीला पुसत होते.

आता संध्याकाळी संग्रामपूरहून पल्लवीचा फोन येतो. साडू बोलत काहीच नाहीत, डोळे मिटून नुसते ऐकतात. परवा मी तिथंच होतो. फोन ठेवल्यावर सहज विचारलं, "काय म्हणते पोरगी?"

त्यांनी मोबाइल बाहीला पुसून खिशात ठेवला. मग म्हणाले, "थोडा बदलला, साडूभाऊ. पण गोड लागते."