खुर्चीच्या उंचीची गाडी

गाडीच्या शोरूममध्ये शिलाईची टेप घेऊन फिरणारी बाई म्हणून मुलुंडपासून अंधेरीपर्यंत माझी ख्याती झाली असेल, तर होऊ दे. सेल्समन बॅटरीचं कौतुक सांगायला लागला की मी पर्समधून टेप काढायचे, मागचं दार उघडायचे आणि जमिनीपासून सीटपर्यंतची उंची मोजायचे. "मॅडम, आधी फीचर्स तर बघा ना," असं तो म्हणायचा. मी म्हणायचे, "माझं फीचर घरी बसलंय. गॅलरीत, वेताच्या खुर्चीत."

ते फीचर म्हणजे माझे बाबा. आम्ही नाहूरला राहतो. आईबाबा आमच्याच बिल्डिंगमध्ये, एक मजला खाली. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, खाली वाकून बसायचं नाही, वर चढायचंही नाही. वेताच्या खुर्चीच्या उंचीवर त्यांना कुणाचा हात न धरता बसता येतं, उठता येतं. त्याहून खाली बसले की उचलावं लागतं, आणि उचलून घेणं त्यांना मरणाहून वाईट वाटतं. आमची जुनी गाडी तर जमिनीला टेकलेली. तिच्यात बसणं म्हणजे विहिरीत उतरणं.

आता यात एवढं अडतं कुठं? अडतं ते गणपतीला. गावच्या घरी सगळ्या भावकीचा मिळून एकच गणपती, आणि त्याच्यासमोर गाऱ्हाणं घालायचा मान बाबांचा, कारण हयात असलेल्यांत तेच थोरले. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मालवणीतून उभ्याउभ्या केलेलं बोलणं. एकानं मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. ऑपरेशननंतर बाबांचं गावाला जाणंच थांबलं. पहिल्या वर्षी गावाकडच्या त्यांच्या पुतण्यानं व्हिडिओ कॉल लावून मोबाइल देवासमोर धरला. बाबा इकडे सदरा-टोपी घालून उभे. पण आमच्या गावाचं नेटवर्क! बाबा मागतायत एक, आणि तिकडून "व्हय म्हाराजा" येतंय मागच्याच मागण्याला. मधेच सगळं गोठलं, बाबांचं तोंड उघडं तसंच राहिलं. त्यांनी टोपी काढून ठेवली. "देवाक फोनवरून काय सांगाचां नाय," म्हणाले. पुढच्या वर्षी फोन आला तेव्हा ते झोपल्याचं सोंग घेऊन पडून राहिले.

ते सोंग बघून माझं डोकं फिरलं. देवावर नाही, आमच्या गाडीवर. म्हटलं, बस झालं. यंदा बाबा स्वतःच्या पायांनी गाडीत बसणार, स्वतःच्या पायांनी घरापुढच्या खळ्यात उतरणार आणि गणपतीसमोर उभे राहणार.

नवरा म्हणाला, घ्यायचीच तर विजेवरची घेऊ. सोसायटीत चार्जिंगचे पॉइंट बसले होते आणि कोकणच्या रस्त्यावरही आता जेवायच्या हॉटेलाबाहेर चार्जर दिसायला लागले होते. नवरा माणूस अभ्यासू. रात्रंदिवस व्हिडिओ बघून त्यानं माझ्या डोक्याचा भुगा केला. पण एक गोष्ट त्यानं कामाची सांगितली, की या गाड्यांना मधे उंचवटा नसतो, तळ सपाट असतो, पाय आत घेताना अडत नाही. लेकीला फक्त रूप हवं होतं. "आई, दिसायला झकास पाहिजे हां, डबा नको."

खरं सांगू? मलाही रूप हवं होतं, आणि गाडी देशीच हवी होती. बाबांचा तर प्रश्नच नव्हता. बाबा भांडुपला टॉर्चच्या कारखान्यात होते. पितळी टॉर्च, चकचकीत, हातात घेतली की वजन कळायचं. मग बाजारात चिनी टॉर्च आल्या, रंगीत प्लॅस्टिकच्या, खेळण्यातल्या वाटाव्यात अशा, आणि एका सकाळी बाबा डबा घेऊन गेले ते डबा न उघडताच परत आले. गेटला कुलूप होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या दिवसापासून आमच्या घरात दिव्यांची चिनी माळ आली नाही, चिनी छत्री आली नाही. दिवाळीच्या कंदिलात साधा बल्ब लागायचा. शेजारी झगमगाट आणि आमच्या खिडकीत एकटा पिवळा उजेड. मला त्याचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा.

त्यामुळे पहिली बघितली ती देशी. काय देखणी होती! मागे उतरत गेलेलं छप्पर, समोर कपाळभर पसरलेली दिव्याची रेघ. माझा तर जीवच जडला तिच्यावर. टेप लावली, उंची दोन बोटं जास्त. म्हटलं, दोन बोटांनी काय होतंय. बाबांना घेऊन गेले. बाबांनी दार उघडायला हात पुढे केला तर दाराला मूठच नाही, ती पत्र्यात बुजवलेली. "हिची कडी खंय गो?" मुठीला तळवा लावल्यावर ती बाहेर आली तसे बाबा दचकले. मग ते आत वाकले आणि ते उतरतं, सुंदर छप्पर खाडकन त्यांच्या डोक्याला लागलं. सेल्समननं धावत येऊन मागून काखेत हात घातले आणि त्यांना आत सरकवलं. चांगला मुलगा होता बिचारा, मदतच करत होता. पण बाबांचं तोंड एवढंसं झालं. उतरल्यावर मला म्हणाले, "माका पोत्यासारखो भरू नकात." आणि परत निघताना आमच्या गाडीत मीच त्यांना काखेत धरून बसवलं.

मग आम्ही हिंडहिंड हिंडलो. दुसरी देशी जिन्यासारखी उंच. एक कोरियन बरी होती, पण मागचं दार एवढंसं उघडायचं. नवरा म्हणायचा, सुटे भाग कुठून येणार, सर्व्हिस कुठं, उद्या त्या देशाशी वाजलं तर काय. लेक म्हणायची, हिचा चेहरा रागीट आहे, तिचा झोपाळू. मी टेप गुंडाळायचे नि पुढं चालू लागायचे. गणपती जवळ येत चालले होते, आणि बाबा त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते, यावरूनच कळत होतं की त्यांच्या मनात दुसरं काही नाही.

अंधेरीच्या एका शोरूममध्ये ती उभी होती. दिसायला डबा. खरंच डबा, चौकोनी, बसकं नाक, पावाच्या लादीसारखी. लेकीनं लगेच तोंड वाकडं केलं. मी टेप लावली आणि पुन्हा लावली. बरोब्बर वेताची खुर्ची. दार असं उघडलं की आख्खं कपाट उघडावं, आणि दाराला चांगली हातात मावणारी मूठ. दुसऱ्या दिवशी बाबांना नेलं. बाबांनी दार उघडलं, पाठ केली, बसले, मग एक पाय आत, दुसरा पाय आत. कुणीही हात लावला नाही. बाबांनी मांडीवर हात ठेवले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बसलंय गो मी." अगं बाई, काय हसले ते! ऑपरेशनपासून तसे हसलेच नव्हते. पुढच्या सीटवर आई बसली होती, ती न वळताच म्हणाली, "माका दिसतास आरशात, हसताना."

चक्कर मारून आलो. बाबा खुशीत. उतरता उतरता त्यांनी सेल्समनला विचारलं, "खंयची रे ही?" आम्ही ते बाबांपासून लपवलं होतं, तो काय जाणे! छाती काढून म्हणाला, "अंकल, चायनाची. बॅटरीत त्यांचा हात कोण धरणार?"

बाबा उतरले. एकटेच, कुणाचाही हात न धरता, किती सहज! आणि काठी टेकत सरळ दाराबाहेर चालू लागले.

मग घरात जे महाभारत झालं ते विचारू नका. मी म्हटलं, बाबा, तुमचा मोबाइल कुठला आहे ठाऊक आहे का? म्हणाले, "मोबाइलात मी बसत नाय." मी म्हटलं, टॉर्चची गोष्ट जुनी झाली. म्हणाले, "तुझी झाली असात." मी म्हटलं, मग गणपतीसमोर कोण उभं राहणार, मी? यावर ते काठी घेऊन गॅलरीत निघून गेले, आणि मला माझीच जीभ कापून टाकावीशी वाटली. कारण त्यांचंही चुकत नव्हतं. ज्या मालानं आपला चालता हात थांबवला, त्याच मालावर चढून देवापुढं जायचं, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. माझ्या तरी उतरलं असतं का? नवऱ्याला म्हटलं, जाऊ दे, नको ती गाडी.

आई हे सगळं ऐकत होती. माझी आई बोलत नाही, आणि बोलली की फोडणीच देते. त्या रविवारी ती विळीवर नारळ खवत बसली होती आणि बाबा गॅलरीत. खवणं न थांबवता तिनं विचारलं, "अवो, तुमची ती मशीन खंयची होती? जिका दसऱ्याक झेंडू घालीत होतास ती?"

"जर्मनीची," बाबा म्हणाले. "पण जर्मनीन माझी नोकरी खाल्ल्यान नाय."

"चीनान तरी खाल्ल्यान?" आईचा हात थांबला. "थंयचो कामगार येवन तुमच्या गेटाक कुलूप लावन गेलो? कुलूप शेटान लावल्यान. आणि त्या जाग्यार टॉवर कोणी बांधल्यान, तांय माका सांगा."

मी स्वयंपाकघराच्या दारात लाटणं हातात घेऊन उभी. इतकी वर्षं झाली, मी रोज त्या टॉवरसमोरून ऑफिसला जाते. पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. आई परत खवायला लागली आणि म्हणाली, "थंयच्या कामगारांच्याय पोरांका जेवूक लागताच."

तिसऱ्या दिवशी चहा पिताना बाबा मला म्हणाले, "चेडवा, ती डब्यासारखी गाडी परत एकदा बघूया."

अंधेरीला जाताना नवऱ्यानं मुद्दाम भांडुपवरून गाडी घेतली नव्हती, रस्ताच तो. टॉवरसमोर सिग्नल लागला. बाबा मान वर करून बघत राहिले. गॅलऱ्यांत कपडे वाळत होते, एका मजल्यावर कुणीतरी तुळशीला पाणी घालत होतं. बाबा म्हणाले, "माझी मशीन खंयच्या बिऱ्हाडात इली असात?" मग म्हणाले, "माणसां बरी दिसतत." आणि सिग्नल सुटला.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी आई हार, नारळ, लिंबं घेऊन सज्ज. शोरूमवाल्यांनी गाडीवर लाल कापड घालून ठेवलेलं, मोठ्यानं गाणं लावलेलं. कापड काढलं आणि आईची पंचाईत झाली. या गाडीला पुढं जाळीच नाही, इंजिनच नाही तर जाळी कशाला? हार अडकवायला काही नाही, लिंबू-मिरची बांधायला काही नाही, सगळं गुळगुळीत. "हिका नाकच नाय गो! हार घालू खंय?" शेवटी लेकीनं, डबा म्हणणाऱ्या त्याच लेकीनं, हार दोन्ही आरशांच्या मधे ताणून बांधला. गाडी एकदम माहेरवाशिणीसारखी दिसायला लागली.

बाबांनी खिशातून टोपी काढली. तीच, त्या फोनच्या दिवशी काढून ठेवलेली. सेल्समनला म्हणाले, "जरा गाणां बंद कर रे." गाणं बंद झालं. बाबा गाडीसमोर उभे राहिले, काठी माझ्याकडे दिली, हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या लेकरांनी ही गाडी घेतल्यानी, तिची रखवाली कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं.

"यंदा ह्या गाडयेतसून तुझ्या दारात येतंय. माका माझ्या पायार उभो ठेव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मला वाटलं झालं. मी काठी पुढं केली. पण बाबांनी डोळे उघडले नाहीत.

"आणि ज्या मुलखात ही गाडी झाली, थंय ज्येंचे ज्येंचे हात हिका लागले, तेंका सगळ्यांका सुखी ठेव म्हाराजा. तेंचो कारखानो कधी बंद पडाक देव नको."

नवरा खाली बघत होता, आई पदरानं डोळे पुसत होती. बाबांनी एक डोळा उघडला.

"म्हणा रे!" ते ओरडले.

"व्हय म्हाराजा!"