बिनलढाईचा शेवट

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — तेही मला नीट ठाऊक नाही.

दुष्काळाची वर्षं होती. बजाजनगरात आमच्या मागच्या गल्लीत एक नवी इमारत अर्धीच उभी होती. पाणी नाही म्हणून काम थांबलेलं. तिच्या खाली जमिनीत कोरडा हौद होता. रविवारी दुपारी आम्ही सात-आठ जण लोखंडी शिडीनं त्यात उतरायचो, सतरंजी टाकायचो आणि माझ्या लॅपटॉपवर अॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका बघायचो. आत गारवा. पडद्यावरचं निळं पाणी भिंतींवर हलायचं आणि वाटायचं — हौद भरलाय, आपण तळाशी बसलोय. अजूनही कधीकधी भर ऑफिसात मला तसंच वाटतं.

संवाद मराठीत उतरवायची नीलिमा. वैजापूरची, कॉलेजसाठी आमच्याच वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. ती चित्राखाली दिसणाऱ्या ओळी लिहायची, मी त्या इंग्रजी ओळींशी ताडून बघायचे आणि मग भाग आमच्या फोनवरच्या ग्रुपवर टाकायचे. ग्रुप माझा. बघता बघता तिथं शेकडो लोक जमले आणि मी — खोटं कशाला बोलू? — हवेत गेले.

एक मालिका सगळ्यांनी जीव टाकून पाहिली. नदी अडवून बसलेला राक्षस आणि त्याला मारायला निघालेली मुलगी. राक्षस मरणार, पाणी सुटणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. असल्या गोष्टीत दुसरं काय होतं? आणि टँकरची वाट बघणाऱ्यांना दुसरं काय हवं असतं? शेवटच्या भागात ती पोचते, तर राक्षस म्हातारा, आंधळा. तो म्हणतो — नीलिमाच्या मराठीत — "दमली असशील. बस जरा." मुलगी तलवार खाली ठेवते. त्याच्याशेजारी बसते. संपलं. पाणी सुटतच नाही.

तपासताना मी ढसाढसा रडले होते. नीलिमासमोर.

ग्रुपवर मात्र आग लागली. आम्हाला फसवलं, राक्षस कुठं असा बोलतो का, आमचे सहा महिने वाया घालवले! मग कुणीतरी लिहिलं, या पोरीनंच लढाई कापून शेवट बदललाय. झालं, सगळ्यांनी तेच धरलं. तिच्या नावानं शिव्या येऊ लागल्या. मूळ भाग माझ्या लॅपटॉपमध्ये होता.

त्या रविवारी इतर कुणी आलं नाही. हौदात आम्ही दोघीच. ती म्हणाली, "तू सांग की त्यांला, तपासलंय म्हणून. तुझं ऐकतेत." खाली रेंज नव्हती. मी शिडी चढले, वरच्या पायरीवर बसले. एक ओळ पुरली असती, नाही?

मी लिहिलं — शेवटचा भाग मी तपासला नव्हता, तिनं परस्पर केलाय.

खाली उतरले. "लिहिलं का?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. तिनं डबा उघडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली, वर शेंगदाण्याची चटणी. मी ती खाल्ली. तासभर तिच्याशेजारी बसले, गप्पा मारल्या, हसलेसुद्धा.

मग ती आधी वर गेली. तिचा फोन वाजायला लागला, थांबेचना. हौदाच्या तोंडाशी उजेड होता, त्यात तिचं डोकं दिसलं. "तू तं रडली व्हतीस की," ती म्हणाली. आवाज चारी भिंतींवर फिरला. महिन्याभरात तिनं खोली सोडली. पुन्हा तिनं एकही ओळ लिहिल्याचं मी ऐकलं नाही.

आता तोच शेवट लोकांना आवडतो. नव्या पोरांना आमची जुनी फाईल सापडलीय. दमली असशील, बस जरा — परीक्षेच्या दिवसांत मुली एकमेकींना हेच पाठवतात. गेल्या महिन्यात एकीनं मला शोधून काढलं आणि विचारलं, ताई, हे मराठी कुणाचं?

मी लिहिलं, माझं.

तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी ते राहू दिलं.