गाडी नाही, याडी!

खिचडीच्या गंजाच्या तळाशी जे लागतं ना, ते खरवडाल तेवढं निघतं. आमच्या गावच्या चौथीपर्यंतच्या शाळेचे किस्से तसेच! मी तिथंच शिकले, लग्नही गावातच झालं, अन् आता त्याच शाळेत खिचडी शिजवते.

*

जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसायची. जुने गुरुजी सरळ 'एक जून' लिहून मोकळे! त्यामुळे कागदावर माझी सासू अन् मी एकाच दिवशी जन्मलो. यंदा पोरीनं केक आणला.

सासू म्हणे, "पयले मी कापीन, मी मोठी!"

मी म्हटलं, "मोठ्या कायच्या? तारीख तं एकच आहे!"

*

शाळेला टीव्ही आला, लाईट काही आली नाही. भिंतीवर मात्र 'डिजिटल शाळा' रंगवून झालं. एका पाहुण्यानं विचारलं, "टीव्हीचा उपयोग होतो ना?"

मी म्हटलं, "होते ना! खोक्यात कांदे ठेवतो आमी."

*

आताचे सर साताऱ्याकडचे. नवे होते तेव्हा बंजारा तांड्यावरची पायल खिडकीतून ओरडली, "याडी आली!"

सरांनी ऐकलं, 'गाडी आली'. म्हणजे तपासणीचे साहेब! चहाचा कप कपाटात, फळ्यावर तारीख, पोरं ताठ. दारात पायलची आई, डोक्यावर सरपण.

"अगं, गाडी कुठाय?"

"हेच तं माही याडी!"

तांड्यावर आईला याडी म्हणतात, हे सरांना मी सांगितलं. कप अजून कपाटातच होता.

*

मग बोलणं उठलं की वीस पोरं नसली तर शाळा बंद. चिल्ल्यापिल्ल्यांनी नाला ओलांडून दुसऱ्या गावी जायचं! साहेब खरंच गाडीतून आले, मोजायला. भरले एकोणीस. पायल आईसोबत कापूस वेचायला गेलती. सरांचं तोंड एवढंसं झालं.

मी पदर खोचला अन् रांगेत शेवटी मांडी घालून बसले.

"हे काय, मावशी?"

"माहं नाव पाहा जुन्या रजिस्टरात. चौथी झाली, पण शाळा सोडल्याचा दाखला नेलाच नाही म्या. म्हणजे शाळा सोडली काय? नाही!"

साहेबांनी खरंच रजिस्टर मागवलं. तेवढ्यात खिडकीतला तांड्यावरचा पोरगा ओरडला, "याडी आली!"

साहेब म्हणाले, "गाडी? माझी तर इथंच उभी आहे!"

दारात पायल अन् तिची आई, दोघींच्या ओटीत कापूस. वीस भरले! सरांनी डोळे पुसले.

साहेबांनी वीस लिहिले, सही केली, अन् रजिस्टरातल्या माझ्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "आता चौथीच्या या बाई. म्हणा, एकोणतीसचा पाढा!"

मी ताडकन उठले. "खिचडी लागून राह्यली, साहेब!"